इंजिन बसतं, साल बसत नाही

१९९८ च्या डॉज रॅम पिकअपमध्ये कोणतं डिझेल इंजिन असतं, असं विचारलं की अमेरिकेतला जाणता मेकॅनिक उलट विचारतो, गाडी त्या वर्षी कधी बनली? वर्षाच्या सुरुवातीची असेल तर बारा व्हॉल्व्हचं कमिन्स. त्याचा पंप पूर्ण यांत्रिक, डिझेल किती सोडायचं हे ठरवायला कॉम्प्युटर लागत नाही. नंतरची असेल तर चोवीस व्हॉल्व्हचं, आणि पंपाच्या डोक्यावर इलेक्ट्रॉनिक्सची डबी बसवलेली. म्हणून तिथल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात 'साडेअठ्ठ्याण्णव'ची गाडी वेगळी विकली जाते. अशीच २००४ ची साडेचार आहे आणि २००७ ची साडेसात. एका सालच्या पिकअपमधलं इंजिन उतरवून दुसऱ्या सालच्या पिकअपमध्ये चढवायचं ठरलं की बहुतेक अडचणी या अर्ध्या वर्षांच्या सांध्यांवरच येतात.

हा उद्योग लोक करतात कशाला? अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या मिठाने चॅसी, दरवाजे आणि मागचा हौदा सडतो, इंजिनाला मात्र फारसं काही होत नाही. उलट दक्षिणेतल्या कोरड्या राज्यांत पत्रा अजून नव्यासारखा असलेल्या गाड्या सापडतात, पण त्यांची इंजिनं घोड्यांचे आणि गुरांचे ट्रेलर ओढून दमलेली असतात. शिवाय नवी हेवी ड्यूटी डिझेल पिकअप घेणं साध्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर गेलं आहे. दोन जुन्या गाड्यांची एक करणं हा तिथे छंद आहे, तसा हिशेबही आहे. फोर्ड आणि जनरल मोटर्सच्या पिकअपमध्येही हे होतं. तरी सर्वांत जास्त इंजिनं इकडून तिकडे झाली ती डॉजमधल्या कमिन्सची, आणि या प्रश्नाच्या सगळ्या गाठी तिथेच नीट दिसतात. म्हणून हा आढावा त्या एका घराण्यापुरता ठेवला आहे.

हे इंजिन पिकअपसाठी जन्मलं नव्हतं. इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावची कमिन्स आणि ट्रॅक्टर-शेतीयंत्रं बनवणारी केस या कंपन्यांनी मिळून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला 'बी' मालिकेची इंजिनं तयार केली. डोळ्यांसमोर होते ट्रॅक्टर, बांधकामाची यंत्रं आणि मध्यम ट्रक. एका रांगेत सहा सिलिंडर, १०२ मिलिमीटर बोअर, १२० मिलिमीटर स्ट्रोक, एकूण ५.९ लिटर. टायमिंगला पट्टा नाही, साखळी नाही, दातेरी चाकांवर सगळं चालतं. वजन अर्ध्या टनाच्या आसपास. डॉजने १९८९ च्या मॉडेलपासून ते पिकअपमध्ये घातलं तेव्हा ताकद होती १६० अश्वशक्ती, टॉर्क ४०० पाउंड-फूट, म्हणजे साधारण ५४० न्यूटन-मीटर. आजच्या आकड्यांपुढे हे किरकोळ वाटेल. पण ट्रॅक्टरच्या कामासाठी घडवलेलं इंजिन पिकअपसारख्या हलक्या गाडीत बसलं, त्यामुळे ते लवकर झिजेना. गाड्या संपल्या आणि इंजिनं उरली, असा प्रकार झाला.

याच घराण्यातलं इंजिन महाराष्ट्राच्या रस्त्यांवरही धावलेलं आहे. पुण्यात किर्लोस्कर कमिन्स १९६२ मध्ये उभी राहिली. पुढे टाटा आणि कमिन्सच्या भागीदारीतून जमशेदपूरला 'बी' मालिकेची इंजिनं बनू लागली, आता फलटणलाही टाटा कमिन्सचा कारखाना आहे. टाटाच्या १६१३ सारख्या ट्रकमध्ये हेच सहा सिलिंडरचं ५.९ लिटरचं इंजिन होतं. म्हणजे आपल्याकडे जे सोळा टनी ट्रकला पुरत होतं, ते तिकडे शेतकऱ्याच्या पिकअपमध्ये होतं. या एका तुलनेतून त्याच्या आयुष्याचं कोडं बरंचसं उलगडतं.

आता मूळ प्रश्न. १९८९ पासून २००७ च्या सुरुवातीपर्यंत ५.९ चा बोअर-स्ट्रोक बदलला नाही. त्यानंतरच्या ६.७ लिटरच्या इंजिनात बोअर १०७ आणि स्ट्रोक १२४ मिलिमीटर झाला, तरी ब्लॉकचा बाहेरचा आकार जवळपास तोच राहिला. त्यामुळे कुठलंही कमिन्स कुठल्याही डॉजमध्ये 'बसतं' हे विधान खरं आहे. माउंटिंग बदलावी लागतील. गिअरबॉक्सला जोडणारी अ‍ॅडॅप्टर प्लेट आणि फ्लायव्हील गाडीच्या बाजूचं ठेवावं लागेल. इंटरकूलरचे पाइप जुळवावे लागतील. ही सगळी लोखंडाची कामं. क्रेन आणि दोन माणसं असली की होतात.

अडतं ते पंपापाशी. या इंजिनाच्या आयुष्यात चार पंप येऊन गेले आणि प्रत्येक पंपाबरोबर गाडीचं अख्खं वायरिंग बदललं. पहिला बॉशचा व्हीई हा रोटरी पंप, १९८९ ते १९९३. दुसरा बॉशचाच पी ७१००, १९९४ ते १९९८ च्या सुरुवातीपर्यंत. तिसरा व्हीपी ४४, साडेअठ्ठ्याण्णव ते २००२. चौथा २००३ पासूनचा कॉमन रेल आणि त्याचा सीपी ३ पंप. गाडीच्या कागदावरचं साल विसरून जा, इंजिनाचं खरं साल म्हणजे त्याचा पंप. एकाच पंपाच्या काळातल्या दोन गाड्यांमध्ये अदलाबदल करणं म्हणजे शनिवार-रविवारचं काम. पंपाची हद्द ओलांडली की महिना गेला समजा.

हे पंप आपोआप बदलले नाहीत, आणि कुणाला हौस म्हणूनही बदलले नाहीत. १९९८ मध्ये अमेरिकेत जड डिझेल इंजिनांसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा दर अश्वशक्ती-तासाला ५ ग्रॅमवरून ४ वर आली, आणि त्याच वर्षी बारा व्हॉल्व्ह जाऊन चोवीस आले. २००४ चे नियम आले तेव्हा साडेचारचं इंजिन आलं. २००७ मध्ये काजळीवर कडक मर्यादा आली आणि गाळणीसह ६.७ लिटरचं इंजिन आलं. इंजिनाची 'अर्धी' वर्षं ही धुराच्या कायद्याची वर्षं आहेत. पुढे इंजिन बदलणाऱ्याला आडवा येतो तोही हाच कायदा.

पी ७१०० विषयी थोडं थांबून बोलायला हवं, कारण सगळी मागणी त्याला आहे. हा पंप मुळात मोठ्या ट्रकसाठीचा. सहा सिलिंडरना सहा प्लंजर, शेजारी गव्हर्नर, सगळं एका लांब लोखंडी पेटीत. डिझेल वाढवायचं असेल तर आत एक छोटी पट्टी असते, तिची जागा बदलायची किंवा ती घासायची. टायमिंग पुढे-मागे करायचं तर पंपाची गिअर सैल करून फिरवायची. इंजिन सुरू ठेवायला विजेचं काम एवढंच, की बंद करणाऱ्या सोलेनॉइडला बारा व्होल्ट मिळावेत. तोही बिघडला तर लिव्हर दोरीने वर बांधून माणसं घरी पोहोचतात. डिझेल ओढणारा पंप कॅमशाफ्टवर चालतो. म्हणून या इंजिनाला 'एका वायरचं इंजिन' म्हणतात. कौतुक थोडं अतिरंजित आहे, पण निराधार नाही. आपल्याकडच्या डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या कारागिराला हा पंप दाखवला तर त्याला त्यात परकं काही वाटणार नाही.

व्हीपी ४४ ची गोष्ट याच्या नेमकी उलटी. तो पंप डिझेलनेच थंड होतो आणि डिझेलनेच वंगण घेतो. त्याला डिझेल पोहोचवणारा लिफ्ट पंप मात्र दुबळा होता. दाब कमी पडला की महागडा पंप मरतो आणि बदली पंप हजार डॉलरच्या पुढे जातो. साडेअठ्ठ्याण्णव ते २००२ मधलं इंजिन कुठेही चढवायचं असेल तर आधी चांगला इलेक्ट्रिक लिफ्ट पंप आणि डॅशबोर्डवर डिझेलच्या दाबाचं मीटर लावावं, मग बाकीचं. शिवाय या काळातल्या काही ब्लॉकच्या बाजूला '५३' आकडा ओतलेला असतो. त्या ओतीव कामात पाण्याच्या जॅकेटची भिंत पातळ निघाली आणि अनेक ब्लॉक बाजूने तडकले. १९९९ ते २००१ च्या दरम्यानचं इंजिन विकत घेताना हा आकडा आधी बघावा. तो दिसला तर भाव पाडून मागावा, किंवा सरळ परत फिरावं. मी परत फिरा म्हणेन.

काहींनी चोवीस व्हॉल्व्हच्या इंजिनावर जुन्या बाराच्या पुढच्या गिअर केसिंगसह पी ७१०० चढवला. हेड श्वास चांगला घेतं आणि पंपाला कॉम्प्युटर लागत नाही, असा दुहेरी फायदा. पण चोवीसच्या कॅमशाफ्टवर यांत्रिक लिफ्ट पंपासाठी उंचवटा नाही, म्हणून इलेक्ट्रिक पंप लावावाच लागतो. इंजेक्टरच्या नळ्याही खास करून घ्याव्या लागतात. शर्यतीच्या गाडीसाठी हे ठीक. रोज दूध-भाजी वाहणाऱ्या गाडीसाठी एवढा खटाटोप कशाला?

इंजिन गाडीबाहेर असताना आणखी एक काम विसरू नये. बारा व्हॉल्व्हच्या आणि सुरुवातीच्या चोवीस व्हॉल्व्हच्या इंजिनांत पुढच्या गिअर केसिंगमध्ये जागा धरणारी एक पोलादी पिन असते. कंपनांनी ती हळूहळू बाहेर सरकते आणि एखाद्या दिवशी गिअरच्या दातांत पडते. केसिंग फुटतं, कधी सगळं टायमिंग उधळतं. उपाय म्हणजे शेजारच्या बोल्टखाली दाबलेली एक छोटी पत्र्याची पट्टी. ती गाडीत बसलेल्या इंजिनावर लावायला अर्धा दिवस जातो, बाहेर काढलेल्या इंजिनावर फार थोडा वेळ. ज्याने ही पट्टी न लावता इंजिन चढवलं, त्याने काम अर्धवट सोडलं असं मी म्हणेन.

आता दिशा. जुनं इंजिन नव्या गाडीत, की नवं इंजिन जुन्या गाडीत?

जुनं यांत्रिक इंजिन २००३ नंतरच्या गाडीत घातलं तर ते सुरू होतं, गाडी चालतेही. पण गाडीला ते कळत नाही. त्या पिढीत तेलाचा दाब, पाण्याचं तापमान, इंजिनचे फेरे हे सगळं इंजिनाचा कॉम्प्युटर वाचतो आणि डॅशबोर्डला कळवतो. तो कॉम्प्युटर गेला की मीटर मेली, क्रूझ कंट्रोल गेला. रेडिएटरच्या पंख्याचा क्लच त्याच्या हुकमावर चालत होता, तोही गेला. मग डॅशबोर्डवर वेगळी मीटर लावा, पंखा वेगळा जोडा, हवा तापवणाऱ्या ग्रिड हीटरचे रिले हाताच्या स्विचवर आणा. हे सगळं करता येतं आणि लोक करतात. पण शेवटी गाडीत मूळच्या गाडीपेक्षा जास्त सुट्या वायरी लोंबत असतात, आणि पुढचा मालक त्यातली एकही ओळखत नाही.

नवं कॉमन रेल इंजिन जुन्या गाडीत घालणं म्हणजे उलट टोकाचं कष्टाचं काम. इंजिनाबरोबर त्याचा कॉम्प्युटर, संपूर्ण वायरिंग, पॅडलचा सेन्सर आणि चावी ओळखणारं मॉड्यूल आणावं लागतं. कॉम्प्युटरमध्ये मूळ गाडीचा चॅसी क्रमांक लिहिलेला असतो. चावीची ओळख पटली नाही तर तो इंजिन चालू राहू देत नाही. म्हणूनच एकाच काळातल्या दोन गाड्यांत अदलाबदल करतानाही जुन्या मेकॅनिकांचा एक रिवाज आहे. इंजिनचं लोखंड दुसऱ्याचं घ्यायचं, पण कॉम्प्युटर, वायरिंग आणि शक्य तितके सेन्सर आपल्याच गाडीचे ठेवायचे.

तेवढ्याने २००३ आणि साडेचारचं जुळेल असं समजू नये. २००४ च्या मध्यावर पिस्टनच्या डोक्यावरची वाटी आणि इंजेक्टरच्या फवाऱ्याचा कोन एकत्र बदलला. साडेचारच्या इंजेक्टरचा फवारा आधीच्या पिस्टनवर चुकीच्या जागी आदळतो. बाहेरून दोन्ही इंजेक्टर सारखेच दिसतात. हा गोंधळ टाळायचा साधा मार्ग म्हणजे गिअर केसिंगच्या बाजूला चिकटवलेली कमिन्सची पाटी. तिच्यावर सीपीएल नावाचा क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून या इंजिनात कारखान्याने कोणते पिस्टन, कॅम, टर्बो आणि इंजेक्टर घातले ते कळतं. विकणारा सांगेल ते साल कानाआड करावं आणि पाटीचा फोटो मागावा.

इंजिनापेक्षा जास्त लोक गिअरबॉक्समध्ये फसतात. मॅन्युअल असेल तर अर्धी लढाई जिंकली. १९९४ पासूनचा एनव्ही ४५०० किंवा त्यानंतरचे सहा गिअरचे बॉक्स पुढे कोणतं इंजिन आहे याची फार चौकशी करत नाहीत. ऑटोमॅटिक मात्र चोखंदळ आहे. १९९६ च्या आधीचा ४७ आरएच तेलाच्या दाबावर चालतो. १९९६ पासूनच्या ४७ आरईला कॉम्प्युटरकडून थ्रॉटल आणि इंजिनच्या फेऱ्यांची खबर लागते. साडेसातपासूनचा ६८ आरएफई तर इंजिनाच्या कॉम्प्युटरशी सतत बोलत असतो. त्याच्या पुढे बारा व्हॉल्व्हचं इंजिन लावलं तर त्याला उत्तर द्यायला कुणी नसतं. तेव्हा स्वतंत्र कंट्रोलर विकत घ्या, नाहीतर जुना गिअरबॉक्सही आणा. जुना बॉक्स आणायचा तर मग जुनी गाडीच का नको, हा प्रश्न इथे विचारायला हरकत नाही.

काही बारकावे अगदी शेवटच्या दिवशी समोर येतात. १९९४ ते २००१ च्या चार चाकांवर चालणाऱ्या गाड्यांमध्ये पुढचा अ‍ॅक्सल जोडणारी यंत्रणा व्हॅक्यूमवर चालते. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा आपोआप व्हॅक्यूम तयार होत नाही, म्हणून वेगळा पंप लागतो. तो काढून टाकला तर गाडी रस्त्यावर छान पळेल आणि पहिल्याच चिखलात पुढची चाकं गप्प राहतील.

आता कायदा. अमेरिकेचा हवा स्वच्छ ठेवण्याचा संघीय कायदा गाडीच्या प्रमाणित धूर-यंत्रणेत फेरफार करायला मनाई करतो. इंजिन बदलण्याबाबत पर्यावरण खात्याची भूमिका बराच काळ एकच आहे: बदललेली गाडी मूळ गाडीच्या सालच्या किंवा त्यानंतरच्या सालच्या प्रमाणित रचनेशी जुळली पाहिजे, त्या रचनेतल्या सगळ्या धूर-उपकरणांसकट. म्हणजे नवं इंजिन जुन्या गाडीत चालेल, जुनं इंजिन नव्या गाडीत नाही. आणि गॅरेजचा अनुभव नेमका उलटा आहे. जुनं यांत्रिक इंजिन नव्या गाडीत घालणं सोपं आणि स्वस्त, पण नियमबाह्य. नवं कॉम्प्युटरवालं इंजिन जुन्या गाडीत घालणं नियमाला धरून, पण कष्टाचं आणि महाग. या विषयावर जितकी भांडणं होतात त्यांच्या मुळाशी हा एकच विरोध आहे. दोन्ही बाजू बरोबर असतात, फक्त वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात.

व्यवहारात राज्याराज्यांत फरक पडतो. कॅलिफोर्नियात १९९८ पासूनच्या डिझेल गाड्यांना नियमित धूर-तपासणी आहे आणि इंजिन बदललेली गाडी खास तपासनीसाकडे न्यावी लागते. त्याआधीच्या डिझेल गाड्यांना ती तपासणी नाही. त्यामुळे तिथे १९९७ चं कागदपत्र असलेली सडकी गाडीसुद्धा भाव खाते. अनेक राज्यांत डिझेल पिकअपला तपासणीच नाही, आणि गाडीच्या कागदावर इंजिन क्रमांकही नसतो. आपल्याकडे उलटी व्यवस्था. इंजिन क्रमांक आरसीवर छापलेला असतो आणि मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करू देत नाही. आरटीओची परवानगी न घेता इंजिन बदललं तर विकताना आणि विम्याचा दावा करताना अडकायला होतं.

मला विचाराल तर हिशेब असा मांडता येतो. १९९४ ते १९९८ च्या गाडीचं इंजिन गेलं असेल तर त्याच काळातलं बारा व्हॉल्व्ह शोधावं, महाग पडलं तरी. व्हीपी ४४ च्या गाडीत ब्लॉकवरचा आकडा तपासलेलं आणि चांगला लिफ्ट पंप जोडलेलं चोवीस व्हॉल्व्हचं इंजिनच बरं. तिथे मागे जाऊन बारा घालण्याचा मोह अनेकांना होतो, पण गाडी नियमात राहत नाही. कॉमन रेलच्या ५.९ ला पर्याय म्हणून ६.७ चा ब्लॉक घेऊन त्यावर आपल्याच ५.९ चं इंजेक्शन आणि कॉम्प्युटर बसवणारे आता पुष्कळ आहेत. आकार जुळतो, ताकद वाढते. पण फवारा, पिस्टन आणि कॉम्प्युटर एकमेकांशी पटवून घ्यावे लागतात. शिवाय त्या ६.७ ची धूर-यंत्रणा मागे राहिलेली असते, म्हणजे कायद्याचा प्रश्न पुन्हा तिथेच.

नव्या ६.७ कडे वळणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डिसेंबर २०२३ मध्ये कमिन्सने अमेरिकन सरकारशी तडजोड करून १६७.५ कोटी डॉलरचा दंड मान्य केला. २०१३ ते २०१९ च्या सुमारे ६ लाख ३० हजार रॅम पिकअपमध्ये धूर-नियंत्रण चुकवणारी यंत्रणा घातली होती, असा सरकारचा आरोप होता. गॅरेजवाल्यांना फेरफाराबद्दल दटावणाऱ्या कायद्याच्या कचाट्यात खुद्द इंजिन बनवणारीच आली. तडजोडीप्रमाणे त्या गाड्या परत बोलावून त्यांचं सॉफ्टवेअर बदलायचं आहे. त्यामुळे अपघातात गेलेल्या २०१५ च्या रॅममधलं इंजिन आणि कॉम्प्युटर उचलताना आधी चौकशी करावी, ती गाडी दुरुस्तीसाठी बोलावली तेव्हा गेली होती की नाही. गेली नसेल तर तुमच्या गाडीत जुनंच सॉफ्टवेअर येतं, आणि काजळीची गाळणी, धूर स्वच्छ करणारा युरिया व गिअरबॉक्स यांची जुळणी त्या जुन्या सॉफ्टवेअरवर करायची की नव्यावर, हे इंजिन क्रेनला टांगण्याआधी ठरवावं लागतं.